जुना नळ आणि पिण्याचे पाणी : फ्लिंट शहराचा धडा



आपल्या संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही सामान्यज्ञानाचा तास घेतो. मागील पावसाळ्यात पिण्याच्या पाण्याचा विषय निघाला होता. आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, पाण्यात शिसं असलं तर उकळल्यावर जातं का?" आम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "जातं. उकळलेल्या पाण्याला भीती नाही." मुलीने ते वहीत उतरवून घेतले.

बँकेत एखाद्या खात्यावर चुकीची नोंद पडली, तर संध्याकाळी ताळा जुळत नाही आणि चूक सापडेपर्यंत आम्हांला घरी जाता येत नाही. वर्गात दिलेल्या चुकीच्या उत्तराला असा ताळा नसतो. ते वहीतून मुलांच्या घरी जाते आणि तेथेच राहते. त्या रात्री मनात शंका आली म्हणून वाचावयास बसलो, तेव्हा आमचे उत्तर साफ चुकीचे असल्याचे कळले. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, परंतु शिसे हा धातू आहे. तो मरत नाही आणि वाफेबरोबर उडूनही जात नाही. उलट पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात शिशाचे प्रमाण थोडे वाढते.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात चूक कबूल केली आणि मुलांकडून वहीत दुरुस्ती करून घेतली. त्या निमित्ताने जे वाचन झाले, ते सर्वांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत. रसायनशास्त्राशी आमचा संबंध दहावीपर्यंतच आला. तेव्हा जे सांगणार आहोत ते सोप्या भाषेत सांगू. काही उणे राहिल्यास जाणकारांनी दाखवून द्यावे.

शिसे आणि नळ

शिसे हा जड, मऊ व करड्या रंगाचा धातू आहे. तो ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो, हाताने वाकविता येतो आणि लोखंडासारखा गंजून फुटत नाही. नळासाठी याहून सोयीची वस्तू जुन्या काळी मिळणे कठीण होते. प्राचीन रोममध्ये शिशाचे नळ होते. लॅटिन भाषेत शिशाला प्लंबम म्हणतात. त्याच शब्दावरून नळाचे काम करणाऱ्यास प्लंबर हे नाव मिळाले आणि रसायनशास्त्रात शिशाची 'पीबी' ही खूण आली. याच रोममध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने लिहून ठेवले होते की, शिशाच्या नळापेक्षा मातीच्या नळाचे पाणी आरोग्यास चांगले. शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांचे चेहरे फिकट पडतात, हे त्याने पाहिले होते. म्हणजे धोक्याची जाणीव दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

तरीही शिशाचे नळ वापरात राहिले. अमेरिकेत एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंतची जोडणी अनेक शहरांत शिशाच्या नळाने केली गेली. शिकागो शहरात तर १९८६ पर्यंत अशी जोडणी शिशाच्याच नळाने करावी असा नियम होता. १९८६ साली तेथील केंद्रीय कायद्याने पिण्याच्या पाण्यासाठी शिशाचे नवे नळ घालण्यास बंदी केली. परंतु जमिनीत आधीच गाडलेले नळ तसेच राहिले.

आपल्याकडे घरातील जुने नळ बहुतेक जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी असतात. शिशाचा संबंध मात्र आपल्याकडेही आला आहे. आमच्या लहानपणी वस्तीच्या रस्त्यावर बिडाचे मोठे पाइप टाकण्याचे काम चालू होते. कामगार दोन पाइपांच्या सांध्यात तागाची दोरी ठोकून बसवीत आणि वरून वितळलेले शिसे ओतीत. खाली सांडलेले तुकडे आम्ही मुले गोळा करीत असू. पत्र्याच्या झाकणात ते चुलीवर वितळवून मासे धरण्याच्या गळासाठी वजने करीत असू आणि तसेच न धुतलेल्या हाताने भाकरी खात असू. आम्हांला कोणी रागावले नाही, कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

नळातील शिसे पाण्यात कसे येते?

नळ शिशाचा आहे म्हणून त्यातून रोज सारखेच शिसे पाण्यात उतरते असे नाही. बंबाच्या आतून जसे क्षाराचे किटण बसते, तसा नळाच्या आतील बाजूस खनिजांचा पातळ थर बसतो. हा थर पाणी आणि धातू यांच्यामध्ये पडद्याप्रमाणे उभा राहतो. तो टिकावा म्हणून अनेक शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत पाण्यात ऑर्थोफॉस्फेट नावाचे क्षार अल्प प्रमाणात मिसळतात. त्यामुळे नळाच्या आत शिशाच्या फॉस्फेटचा थर तयार होतो आणि तो सहजासहजी विरघळत नाही.

आता पाण्याचा स्वभाव बदलला तर काय होईल? पाणी अधिक आम्लधर्मी झाले, त्यात क्लोराइड वाढले किंवा जंतुनाशक औषध बदलले, तर हा थर सैल होतो, सुटतो आणि उघडा पडलेला धातू पाण्यात उतरू लागतो. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे २००० साली क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरण्यास सुरुवात झाली आणि पुढील काही वर्षे तेथील घरांच्या पाण्यात शिसे वाढलेले आढळले. नळ जुनेच होते. बदल झाला तो पाण्यात.

पाणी नळात जितका वेळ तुंबून राहील, तितके शिसे त्यात अधिक उतरते. म्हणून पहाटेचे पहिले पाणी सर्वांत वाईट. शिवाय विरघळलेल्या शिशाला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. गढूळ किंवा तांबूस पाणी आपण ओततो, पण शिसे असलेले पाणी काचेसारखे स्वच्छ दिसू शकते.

फ्लिंटमध्ये काय घडले?

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट हे कामगारांचे शहर. जनरल मोटर्स ही मोटारींची कंपनी येथेच १९०८ साली स्थापन झाली. १९६० च्या सुमारास शहराची वस्ती दोन लाखांच्या जवळ होती. पुढे कारखाने बंद पडत गेले आणि २०१४ पर्यंत ती एक लाखाच्या आसपास आली. राहिलेल्यांत निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय आणि दहांपैकी चार जण दारिद्र्यरेषेखालील होते. नगरपालिकेची तिजोरी रिकामी झाल्यामुळे २०११ पासून राज्याच्या गव्हर्नरांनी नेमलेला प्रशासक शहराचा कारभार पाहत होता. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या हाती फारसे काही उरले नव्हते.

१९६७ पासून फ्लिंटला डेट्रॉईट शहराकडून ह्युरॉन सरोवराचे पाणी विकत मिळत असे. ते महाग पडते म्हणून नवी जलवाहिनी बांधावयाचे ठरले आणि ती पूर्ण होईपर्यंत शहरातून वाहणाऱ्या फ्लिंट नदीचे पाणी द्यावे असा निर्णय झाला. २५ एप्रिल २०१४ रोजी हा बदल करण्यात आला. डेट्रॉईटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट मिसळलेले असे. नदीच्या पाण्यात ते मिसळले गेले नाही. या नव्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण डेट्रॉईटच्या पाण्याच्या सुमारे आठपट असल्याचे पुढे आढळले.

थोड्याच दिवसांत पाण्याचा रंग व वास यांविषयी तक्रारी सुरू झाल्या. लोक तांबूस पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येऊ लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी घेणे बंद केले, कारण त्याने यंत्रांच्या भागांना गंज चढत होता. कारखान्याला दुसरे पाणी मिळाले. नागरिकांना मात्र पुढे वर्षभर तेच पाणी पाजण्यात आले.

लीअॅन वॉल्टर्स या गृहिणीच्या मुलांच्या अंगावर पुरळ उठू लागले. त्यांनी पाठपुरावा केल्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्या नळाच्या पाण्याची तपासणी झाली. शिशाचे प्रमाण अब्जात १०४ भाग निघाले. पुढच्या महिन्यात ते ३९७ निघाले. अब्जात एक भाग म्हणजे एक लिटर पाण्यात एक मायक्रोग्रॅम, आणि अमेरिकेच्या नियमानुसार १५ ला धोक्याची घंटा वाजावयास हवी. तुमच्या घरातीलच नळ खराब असतील, असे त्यांना सांगण्यात आले. वास्तविक त्यांच्या घरातील सर्व नळ प्लास्टिकचे होते. शिसे येत होते ते रस्त्यापासून घरापर्यंतच्या जमिनीतील जोडणीतून.

वॉल्टर्स बाईंनी कागदपत्रे जमविली आणि पाणी शुद्धीकरणाची माहिती वाचून काढली. पाण्यात क्षरणरोधक क्षार मिसळलेच जात नाहीत, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ती त्यांनी केंद्रीय पर्यावरण खात्यातील मिगेल डेल तोराल या अधिकाऱ्यांना कळविली. डेल तोराल यांनी जून २०१५ मध्ये वरिष्ठांना सविस्तर टिपण लिहून धोका दाखवून दिला. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांनी वॉल्टर्स यांच्या घरचे नमुने तपासले, तेव्हा एका नमुन्यात १३,२०० हा आकडा आला. तेथील नियमाप्रमाणे ५,००० च्या पुढे द्रव घातक कचरा समजला जातो.

त्याच सुमारास, जुलै महिन्यात, शहराच्या महापौरांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर नळाचे पाणी पिऊन दाखविले. विद्यार्थी मित्रहो, एक पेला पाणी पिऊन दाखविणे ही तपासणी नव्हे. शिशाचा परिणाम त्याच क्षणी कोणालाच दिसत नाही.

मोजण्यातील खोट

मग शहराने पाणी तपासले नव्हते काय? तपासले होते. कसे तपासले, ते समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेच्या १९९१ च्या नियमात सरासरी पाहत नाहीत. सर्व घरांचे आकडे चढत्या क्रमाने मांडतात आणि दहांपैकी नवव्या स्थानावरचा आकडा पाहतात. समजा, दहा घरांचे आकडे असे आले : २, ३, ३, ४, ५, ६, ८, १०, १४, ४०. नववा आकडा १४ आहे. तो १५ च्या आत आहे, म्हणून शहर उत्तीर्ण. दहाव्या घरातील ४० या निकालात दिसतच नाहीत. त्या घरातही एखादे तान्हे मूल असू शकते.

फ्लिंटमध्ये २०१५ च्या पहिल्या सहामाहीत ७१ नमुने गोळा झाले. त्यांतील दोन मोठे आकडे यादीतून वगळण्यात आले. त्यांत वॉल्टर्स यांच्या घरचा आकडाही होता. ते वगळताच निकाल ११ वर आला आणि शहर नियमात बसले. शिवाय नमुना घेण्याच्या आदल्या रात्री काही मिनिटे नळ सोडून ठेवा, अशी सूचना लोकांना दिलेली होती. असे केल्याने नळात साचलेले शिसे वाहून जाते आणि दुसऱ्या दिवशीचा नमुना चांगला येतो. आमच्या भाषेत सांगावयाचे तर, तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी वही स्वच्छ करून ठेवण्यासारखा हा प्रकार झाला.

यावर उत्तर शोधले ते नागरिकांनी व विद्यापीठाने मिळून. व्हर्जिनिया टेकच्या विद्यार्थ्यांनी बाटल्यांचे ३०० संच फ्लिंटला पाठविले. शहरातील स्वयंसेवकांनी ते घरोघर वाटले, नमुना कसा घ्यावयाचा ते समजावून सांगितले आणि भरलेल्या बाटल्या परत गोळा केल्या. थोड्या आठवड्यांत अडीचशेहून अधिक नमुने तपासून झाले. शहरात शिशाचा प्रश्न गंभीर आहे, हे सप्टेंबर २०१५ मध्ये आकड्यांनिशी जाहीर झाले.

मुलांच्या रक्तातील शिसे

पाण्यातील शिसे मुलांच्या शरीरात गेले काय, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर हर्ली रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटीशा यांनी शोधले. रुग्णालयात मुलांच्या रक्त तपासणीच्या नोंदी होत्याच. पाणी बदलण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी त्यांनी समोरासमोर ठेवल्या. रक्तात शिसे वाढलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर, म्हणजे दुपटीवर गेले होते. ज्या भागांत पाण्यात शिसे जास्त, तेथे ही वाढही जास्त होती. २४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी हे वार्ताहरांपुढे मांडले. राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी हे आकडे नाकारले, परंतु काही दिवसांतच स्वतःच्या नोंदी पुन्हा तपासून त्यांना ते मान्य करावे लागले.

लहान मुलांचाच विचार प्रथम का करावयाचा? पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा अंश मोठ्या माणसाच्या शरीरात शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट अंश लहान मुलाच्या शरीरात शोषला जातो. शरीर शिशाला कॅल्शियम समजते आणि हाडांत साठवून ठेवते. तेथे ते अनेक वर्षे राहते. गरोदरपणात आईच्या हाडांतील शिसे रक्तात उतरून बाळापर्यंत पोहोचू शकते. मुलाच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. शिकण्याची व लक्ष देण्याची शक्ती उणावते. बाहेरून मात्र मूल आजारी दिसत नाही. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी मुलांसाठी निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या मुलाच्या आहारात लोह व कॅल्शियम कमी, त्याच्या शरीरात शिसे अधिक शोषले जाते. म्हणजे अर्धपोटी मुलाला त्याच पाण्यातून अधिक बाधा होते.

अभ्यासवर्गात एखादा मुलगा मागे पडला की आपण त्याला आळशी म्हणतो, घरचे वळण काढतो. त्याच्या घरी तो काय पितो, हे आम्ही आजवर कधी विचारले नव्हते.

बचतीचा हिशेब

१६ ऑक्टोबर २०१५ रोजी फ्लिंटला पुन्हा डेट्रॉईटचे पाणी सुरू झाले. जानेवारी २०१६ मध्ये प्रथम राज्याच्या आणि नंतर देशाच्या पातळीवर आणीबाणी जाहीर झाली. त्या काळात लिजनेअर नावाच्या फुप्फुसाच्या आजाराचीही साथ येऊन गेली होती. तिच्यात १२ जण दगावल्याची सरकारी नोंद आहे.

आता आमच्या धंद्याप्रमाणे जमाखर्च मांडू. क्षरणरोधक क्षार मिसळावयास रोज सुमारे १०० डॉलर खर्च आला असता, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. २५ एप्रिल २०१४ ते १६ ऑक्टोबर २०१५ हे ५३९ दिवस होतात. म्हणजे एकूण ५३,९०० डॉलर. पुढे नागरिकांनी लावलेल्या दाव्यांत राज्य शासन व इतरांनी मिळून ६२ कोटी ६० लाख डॉलर भरपाई देण्याचे कबूल केले आणि न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ती तडजोड मंजूर केली. हा आकडा त्या औषधाच्या खर्चाच्या अकरा हजार पटींहून अधिक आहे. मुलांचे जे गेले ते या जमाखर्चात धरलेले नाही, कारण ते कोणत्या रकान्यात लिहावे हे आम्हांला कळत नाही.

शिशाचे नळ बदलावयाचे ठरले, तेव्हा ते कोणकोणत्या घरांना आहेत हेच निश्चित ठाऊक नव्हते. जुन्या नोंदी सुमारे ४५,००० लहान कार्डांवर हाताने लिहिलेल्या होत्या. काही पुसट, काही चुकीच्या. बँकेतील जुनी खतावणी कार्डे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना या अडचणीची कल्पना येईल. शेवटी ठिकठिकाणी जमीन खणूनच पाहावे लागले. जुलै २०२५ मध्ये, पाणी बदलल्यानंतर अकरा वर्षांनी, सुमारे ११,००० शिशाचे नळ बदलून काम पुरे झाल्याचे राज्याने न्यायालयाला कळविले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण खात्याने बहुतेक सर्व शहरांनी दहा वर्षांत शिशाचे नळ काढावेत असा नियम केला आणि धोक्याची पातळी १५ वरून १० वर आणली.

मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने २०१७ साली चौकशी अहवाल दिला. शहराच्या या अवस्थेमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा वर्णभेद आहे, असा निष्कर्ष त्यात आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी कोणी घ्यावयाचे हा प्रश्न होता. फ्लिंटमध्ये नळ सर्वांच्या घरी होता, परंतु त्यातून काय येते हे विचारणाऱ्यांचे ऐकून घेतले जात नव्हते. हक्काचे पाणी घरात आल्यावर ते कसे आहे हे विचारणे, हाही त्याच हक्काचा भाग आहे असे आम्हांस वाटते.

आपल्या घरी काय करावे?

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे अब्जात १० भागांपेक्षा अधिक नसावे. या मर्यादेत सवलत ठेवलेली नाही. आपल्याकडे शिसे पितळी तोट्यांतून, जुन्या डाकातून आणि जुन्या पीव्हीसी पाइपांतून येण्याचा संभव असतो. पीव्हीसी तयार करताना ते उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात शिशाची संयुगे घालीत असत. ती टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी केंद्र शासनाने २०२१ साली नियम केले. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण पुढील गोष्टी प्रत्येक घरी करता येतील.

१) पाणी उकळणे सोडू नये. आपल्याकडे रोगजंतूंचा धोका मोठा आहे आणि त्यावर उकळणे हा चांगला उपाय आहे. मात्र शिशावर तो उपाय नाही, हे लक्षात ठेवावे.

२) रात्रभर नळात तुंबलेले पहिले पाणी पिण्यास किंवा स्वयंपाकास घेऊ नये. ते बादलीत धरून लादी पुसण्यास किंवा झाडांना वापरावे. एक थेंबही वाया जाणार नाही.

३) पिण्यास व स्वयंपाकास थंड नळाचेच पाणी घ्यावे. गिझरच्या गरम पाण्यात धातू अधिक उतरतो. बाळाचे दूध कालविण्यास तर ते मुळीच वापरू नये.

४) तोटीच्या तोंडाशी जाळी असल्यास ती काढून मधूनमधून धुवावी. शिशाचे बारीक कण तेथे अडकतात.

५) जुना नळ शिशाचा आहे काय, हे ओळखावयाचे असल्यास नाण्याने हलकेच खरवडून पाहावे. शिसे मऊ असते आणि खरवडल्यावर चांदीसारखे चमकते. त्याला लोहचुंबक चिकटत नाही. लोखंडी नळाला चिकटते. हा प्रयोग मोठ्यांच्या देखत करावा आणि नंतर हात धुवावेत.

६) नवा पाइप घेताना आयएसआय चिन्ह पाहावे, तो शिसेविरहित आहे काय ते विचारावे व पक्की पावती घ्यावी.

७) शुद्धीकरण यंत्र घेताना नीट चौकशी करावी. आरओ पद्धतीच्या यंत्राने शिसे कमी होते. केवळ अतिनील किरणांच्या यंत्राने जंतू मरतात, शिसे जात नाही.

८) शंका असल्यास पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. नेहमीच्या तपासणीत शिशाचा समावेश असेलच असे नाही. म्हणून 'शिशाचे प्रमाण तपासावे' असे अर्जात स्पष्ट लिहावे. पहाटेचे पहिले पाणी भरावे, बाटलीवर तारीख व वेळ टाकावी आणि अहवालाची प्रत जपून ठेवावी.

समारोप

फ्लिंटचे नळ अनेक वर्षे जमिनीत होते आणि त्यांवरचा उपायही शास्त्राला ठाऊक होता. तरी मुलांच्या रक्तात शिसे वाढले, कारण पाणी बदलताना कोणी मोजले नाही आणि मोजले तेव्हा अडचणीचे आकडे वगळले. हे उघडकीस आले ते चार जणांमुळे. एक गृहिणी, एक अधिकारी, एक प्राध्यापक आणि एक डॉक्टर. चौघांनीही सारखेच काम केले. समोर जे दिसले ते मोजले, लिहून ठेवले आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहिले. याला शिक्षण लागते, पण त्यापेक्षा चिकाटी अधिक लागते.

संस्थेच्या कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे की, अभ्यासवर्गाच्या इमारतीतील ज्या नळावर मुले पाणी पितात, त्याच्या पाण्याची शिशासाठी तपासणी करून घ्यावी आणि अहवाल फलकावर लावावा. तपासणीचा खर्च आम्ही देऊ. ज्या मुलीला आम्ही चुकीचे उत्तर दिले होते, तिच्याच हातून पहिल्या पाण्याची बाटली भरून घ्यावी अशी आमची इच्छा आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१) पाणी उकळल्याने शिसे का जात नाही?

२) नळ तोच असताना फ्लिंटच्या पाण्यात शिसे का वाढले?

३) दहा घरांचे आकडे असे आहेत : १, २, २, ३, ५, ७, ९, १२, १३, ९०. १५ च्या मर्यादेच्या नियमानुसार हे शहर उत्तीर्ण होईल काय? शेवटच्या घरातील लोकांना तुम्ही काय सांगाल?

४) आपल्या घरातील पिण्याच्या पाण्याचा नळ कशाचा आहे व किती वर्षांपूर्वीचा आहे, ते वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा.